फळीची रुंदी

रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघं टीव्हीवर सिनेमा बघतो आणि नवरा सिनेमाभर मतं देत राहतो. तो राहुरीकडचा, बागायतदाराच्या घरातला. मी पाथर्डीची, ऊसतोड करणाऱ्यांची मुलगी. लग्नाआधीपासून त्याला हे माहीत आहे, पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

त्या दुपारच्या सिनेमात सात महिन्यांची गरोदर बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती.

"असं कुठं असतं," तो म्हणाला. "रडवायला काहीही दाखवतात."

"फळी चुकीची दाखवलीय," मी म्हणाले. "एवढी रुंद नसते, एकच पाऊल मावतं. माझ्या वेळी पोटुशी असताना आई नवव्या महिन्यापर्यंत चढत होती."

तो म्हणाला, "मग मुकादमाला नाही म्हणायचं ना."

सिनेमातल्या बायकांना देतो तसाच सल्ला, त्याच आवाजात, त्यानं माझ्या आईला दिला. मी त्याच्या हातातला रिमोट ओढून घेतला आणि टीव्ही बंद केला.

"अगं, शेवट राहिला," तो म्हणाला. "त्या बाईचं पुढं काय झालं?"

"मुलगी झाली," मी म्हणाले.