नीलेशचा खराब माऊस

शांती नगरात सायबर कॅफे टाकला लवूनं, पण चालवला त्याच्या बायकोनं, सुलूनं. लवू दिवसभर भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. त्याचा धाकटा भाऊ नीलेश कॅफेत यायचा तो फक्त खेळायला, आणि खेळून तरी मेला काय दिवे लावत होता!

२००७ साल. सगळे बंदुकीच्या गेमनं झपाटलेले. नीलेश बटण दाबून धरायचा, धडधडधड सगळ्या गोळ्या संपायच्या, समोरचा जिवंतच. मग आरडाओरडा, भर गिऱ्हाइकांत: "वहिनी, माऊस कधी साफ केलास? मुद्दाम करतेस ना?" सुलूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माऊस उघडून आतल्या रबरी बॉलचा मळ ती नखानं खरवडायची, तरी दुसऱ्या दिवशी तेच.

एकदा जेवताना तो लवूला म्हणाला, "हिला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. एक तारखेपासून माझा मित्र अभिनव काउंटरवर बसेल. हिला घरी ठेव." लवू भावापुढे कधी तोंड उघडत नसे. तेव्हाही आमटी ओरपत राहिला, शहाणा! सुलूला रडू नाही आलं, संताप आला. तीन वर्षं त्या काउंटरवर बसून ती चार माणसांत आली होती. ते गेलं की पुन्हा स्वयंपाकघर आणि सासूबाईंचा टीव्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅफे रिकामा असताना, ती नीलेशच्या मशीनवर बसली. माऊस खरंच खराब आहे का, हे एकदाचं बघायचं होतं. गेममधल्या भिंतीसमोर उभं राहून तिनं बटण दाबून धरलं. भिंतीवर भोकं उमटली. पहिल्या दोन-तीन गोळ्या नेमक्या जागी, पुढच्या सरसर वर, मग डावी-उजवीकडे भरकटलेल्या. शेजारच्या मशीनला बिनबॉलचा, लाल दिव्याचा नवाकोरा माऊस होता, तिथंही तेच. पळता पळता मारलं, तर पहिलीच गोळी कुठच्या कुठे.

"अगं बाई! माऊसला काय शिव्या घालतोस रे मेल्या, बंदूकच झटका मारतेय!" ती एकटीच मोठ्यानं बोलली.

मग रोज सकाळी भिंतीला भोकं पाडणं सुरू झालं. आधी थांबायचं. दोन गोळ्या, जरा दम, पुन्हा दोन. जास्त मारायच्या तर बंदूक वर चढते तेवढा माऊस खाली ओढत राहायचा. महिनाअखेरीपर्यंत भोकं मुठीएवढ्या जागेत पडू लागली.

शेवटच्या दिवशी, कॅफे भरलेला असताना, नीलेशनं पुन्हा माऊस आपटला. सुलू काउंटरवरून उठली.

"भावोजी, तुम्ही नव्या माऊसवर बसा. मी तुमच्या खराबवर बसते. दहा डाव. मी हरले तर उद्यापासून येत नाही. तुम्ही हरलात तर काउंटरचं नाव काढायचं नाही."

"बायकांशी काय खेळायचं!"

"क्या भाई, डर गया?" मागून कोणीतरी ओरडलं, तेव्हा झक मारत बसला.

गेममध्ये तो पळत आला, बटण दाबून धरलं, गोळ्या सुलूच्या डोक्यावरून छताला. सुलू जागची हलली नाही. दोन गोळ्या, आणि नीलेश आडवा. त्यानं पुन्हा तेच केलं. पुन्हा आडवा. शेवटी आठ-दोन.

"हिनं मशीनमध्ये काहीतरी करून ठेवलंय!" तो किंचाळला. "असला खेळ मी मानत नाही. उद्या अभिनवच बसणार!"

आणि खरंच, निर्लज्ज कुठला, दुसऱ्या दिवशी अभिनवला घेऊन तो हजर झाला, थेट काउंटरच्या आत शिरायला. सुलू खुर्चीत घट्ट बसून होती. तिनं गिऱ्हाइकांचं रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं.

"नाव-पत्ता लिहा, भावोजी. आणि आयकार्ड दाखवा. ओळख पटल्याशिवाय मी कोणाला मशीन देत नाही."