बाटलीत नाक खुपसणारी आई

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. वॉर्डनमावशी दप्तरांच्या चेन एकेक करून उघडत होत्या. व्यसन सोडायला आलेल्या आया या घरात मुलांसकट राहतात. शाळेचं दप्तर जातानाही तपासायचं आणि येतानाही, ही मावशींची रीत. खोलीत मावशींच्या आधी त्यांचं नाक शिरतं, असं बायका पाठीमागे म्हणायच्या. ते मावशींच्या कानावर होतं, आणि त्यांना त्यात वावगं वाटत नव्हतं.

सध्या त्यांचा डोळा घरातलं शिवणकाम करणाऱ्या एका बाईवर, शिवणवालीवर होता. बाई सालस, न सांगता भांडी घासणारी. इतकं सरळ माणूस मावशींना पचत नसे. ही बाई लेकीच्या पाण्याच्या बाटलीला कुणाला हात लावू देत नव्हती. स्वतः धुवायची, भरायची आणि झाकण लावण्याआधी सगळ्यांकडे पाठ करून आत नाक खुपसायची. नळाचं पाणी कुणी हुंगतं का?

नियम कडक होता. आत दारू सापडली की आई बाहेर आणि मूल आजीकडे. शिवणवालीची सासू तर त्याच दिवसावर टपून बसली होती.

आज मावशींनी बाटली हातातून काढूनच घेतली. हुंगली. एक घोट घेतला. पाणीच. तरी मन मानेना. काय शोधतेस हिच्यात, असं त्यांनी दरडावून विचारलं.

बाईनं लेकीला बूट घालायला बाहेर पिटाळलं. मग म्हणाली, "घरी मी हिच्याच बाटलीत लपवायचे. पोरीच्या बाटलीवर कोण संशय घेतंय? एकदा पाण्याची म्हणून तीच दप्तरात घातली. ही वर्गात प्यायली."

"इथं कुठून येणार दारू?"

"मावशी, तेव्हाही मला ते पाणीच वाटलं होतं."

मावशींना ते पटलं. पण पटण्यासारखी गोष्ट खरी असतेच असं नाही. मागे एकीनं याहून सुरेख कहाणी रडून सांगत पावडरच्या डब्यातून दारू आत आणली होती. त्यांनी श्वास तपासायचं यंत्र पुढे केलं. बाईनं निमूट फुंकलं. शून्य.

"आई, झाला का वास घेऊन?" बाहेरून लेक ओरडली. "बस जाईल."

मावशींनी बाटली परत दिली, पण अट घालून. उद्या सकाळी साडेसहाला ती स्वयंपाकघरातल्या नळावर, मावशींसमोर भरली जाईल. वास आधी आई घेईल, मग मावशी.