ऐकणारा कोण, ते विचारलंच नाही

स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून चाचा डोळे मिटायचे. गाण्याचा आवाज चढत जायचा आणि मध्येच ते म्हणायचे, "फाटला." आपल्याला काहीच फाटल्याचं कळलेलं नसायचं. चाचा मात्र स्क्रू ड्रायव्हरनं अॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आवाज किती चढेल ते ठरवणारा स्क्रू, नखभर मागं घ्यायचे आणि गिऱ्हाइकानं पुन्हा पिळू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे.

बीडच्या नाक्यावर माझं सीट कव्हरचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून चाचांचं कार टेपचं. इतकी वर्षं शेजारी बसून मला त्यातलं काही कळलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर सोडून द्या. मशीन, म्हणजे तो अॅम्प्लिफायर, मोठं असलं की स्पीकर जळतो, असं सगळ्यांसारखं मलाही वाटायचं. चाचा म्हणायचे, उलटं हाय. लहान मशीनला ताकदीबाहेर ओढलं की तेच स्पीकर जाळतं. का, म्हणून विचारलं तर दर वेळी नवं उत्तर. एकदा दमलेल्या माणसाच्या ओरडण्याचं उदाहरण, एकदा चढावर अडकलेल्या उसाच्या ट्रॉलीचं. माझ्या डोक्याचं दही व्हायचं. शेवटी तेच वैतागायचे. "तुमी कव्हर शिवा, भाऊ."

पण एक खरं. बाकीचे पहिल्याच दिवशी गाडी दणदणीत वाजवून द्यायचे, चाचांची जरा मवाळ वाजायची. पण त्यांचा स्पीकर जळत नाही, असं त्यांचं नाव होतं. त्या नावावरच दुकान चालायचं.

मग लिंबागणेशच्या गोरखची गाडी आली. बागायतदार गडी, तोंडानं फटकळ. त्याचे स्पीकर जळले. चाचांनी पदरचे नवे बसवले. तेही जळले. चाचांनी वायर न् वायर उकलून पाहिली. ठिपका जागच्या जागी. गोरख म्हणायचा, मी तर गाडीत निम्मा वेळ फोनवर असतो, गाणी कधी ऐकू? चाचा चहा समोर घेऊन नुसते बसून राहायचे. नाक्यावर कुजबूज सुरू झाली की म्हाताऱ्याचा हात गेला. चाचांना ती ऐकू यायची आणि मला त्यांच्याकडं बघवायचं नाही.

चतुर्थीला मी लिंबागणेशला दर्शनाला निघालो, तर चाचा माझ्या गाडीवर मागं बसले. म्हणाले, ती गाडी तिच्या घरी बघायची हाय.

गोरख मोटारसायकलवर शेताकडं गेलेला. गाडी अंगणात लिंबाखाली उभी, काचा वर, इंजिन बंद. आत डाव्या सीटवर त्याचे वडील, आप्पा, आणि भजन असं लावलेलं की दारं थरथरत होती. आप्पांना कमी ऐकू यायचं. घरात टीव्ही मोठा केला की सगळे ओरडायचे. म्हणून पोरगा शेतात गेला की ते खुंटीची चावी घेऊन गाडीत येऊन बसायचे.

चाचांनी दारावर हात ठेवला आणि कपाळाला लावला. त्यांनी आयुष्यभर सगळ्या गाड्यांचा आवाज इंजिन चालू ठेवूनच लावला होता. इथं इंजिन बंद; बॅटरी खाली बसायची, मशीनचा जीव निम्मा व्हायचा, आणि आप्पा आवाज पार शेवटाला न्यायचे. मग फाटणारच. एवढं मला कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं.

आप्पा चोरी पकडल्यासारखे घाबरले. चाचांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "गोरखला सांगू नका. चावी काढून घेईल."

चाचांनी जबान दिली. तिथंच इंजिन बंद ठेवून गेन आणखी खाली घेतला. त्यानंतर स्पीकर जळाले नाहीत.

आणि आठवड्यानं गोरख दुकानावर आला. गाडीचा आवाजच मारून ठेवला म्हणून चारचौघांत नाही नाही ते बोलला. मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचांनी माझं मनगट दाबलं.

"गलती माझीच हाय," ते म्हणाले. "ऐकनार कोन हाय, ते मी इचारलंच न्हाई."

गोरखनं एकदा डाव्या सीटकडं पाहिलं. मग गाडी घेऊन गेला, तो परत आला नाही. हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंही येईनात. मी चाचांवर लई चिडलो. दुसऱ्याच्या बापाच्या भजनापायी स्वतःचं नाव घालवायचं, हा चांगुलपणा म्हणावा की हट्ट? मला तेव्हाही ठरवता आलं नाही. त्यानंतर ते येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचे, गाडीत कोण कोण बसतं, कोण ऐकतं. लोक हसायचे.

गेल्या हिवाळ्यात चाचा वारले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा गोरख माझ्याकडं आला. सीट कव्हरं बदलायची होती. डाव्या सीटचं कापड पार विरलेलं. मी त्यावरून हात फिरवला. तोच म्हणाला, "आप्पा बसायचे हितं. दिवाळीत गेले."

"तुला माहीत होतं?"

"चावी मीच खुंटीला ठिवून जायचो, काका. त्यांना वाटायचं, मला कळत न्हाई." तो सीटवर टेकला. "चाचांनी आवाज कमी केला, तवापसून आप्पा दाराला कान लावून बसायचे. चारचौघात कसं सांगनार, बापाला ऐकू येत न्हाई म्हनून? म्हनून भांडलो."

मग त्यानं विचारलं, स्पीकर न जाळता आवाज वाढवता आला असता का?

मी म्हणालो, मला नाही सांगता येत. खरंच नाही येत. हे चाचांना विचारायला हवं होतं, आणि त्या भांडणाच्याच दिवशी. मी टेप घेऊन माप घ्यायला वाकलो, पण गोरख त्या सीटवरून काही केल्या उठेना.