आत्याबाईंचं तेल आणि दादाच्या गोळ्या

आत्याबाई दुकानात कधी खोटं बोलत नसत. घरात मात्र सर्रास बोलत. वहिनीची खारट भाजी त्यांना झकास लागायची आणि दादाला न शोभणारा शर्टही त्याला खुलून दिसायचा. आपल्या माणसांसाठी एवढं चालतं, असं त्यांचं मत. पण तेलघाण्याच्या गल्ल्यामागे उभ्या राहिल्या, की जिभेचा पट्टा सरळ चालायचा. तीळ जुने असले तर "आज नेऊ नका" म्हणून मोकळ्या. या सडेतोडपणामुळेच घाण्याचं नाव झालं होतं. दादाच्या मुलांची आत्या अख्ख्या गल्लीची आत्याबाई झाली, तीही त्यामुळेच.

एकदा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांना सांगितलं, की तिळाच्या, सूर्यफुलाच्या तेलात स्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. तो दिसायला कोलेस्टेरॉलचा भाऊच. आतड्यात त्याची जागा अडवून बसतो, म्हणून कोलेस्टेरॉल रक्तात कमी शिरतं. आत्याबाई हरखल्या. पुढचं ऐकायला थांबतंय कोण! अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या होऊन त्या रांगेला सांगत सुटल्या, "माझं तेल खा, कोलेस्टेरॉल दारातूनच परत जाईल."

रांगेत दादाही होता. मागल्या वर्षी त्याच्या हृदयात स्टेंट बसला होता आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांना तो विटला होता. त्याने गोळ्या सोडल्या आणि रोज सकाळी चमचाभर तेल प्यायला लागला. पुढच्या तपासणीत आकडा चढला, डॉक्टर रागावले, वहिनी रडली. दादा ढिम्म. "आत्याबाईने दुकानात सांगितलंय," एवढंच त्याचं उत्तर.

हे ऐकून आत्याबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. दादाला आपल्याच बोलण्याने काही झालं तर? तडक त्या बाईंना गाठून त्यांनी उरलेली गोष्ट ऐकली. संध्याकाळी घरी त्या म्हणाल्या, "दादा, माझं चुकलं. गोळ्या सुरू कर."

दादा हसला. "घरात तू हिच्या भाजीलाही झकास म्हणतेस. हिनेच तुला पढवून पाठवलंय."

दुसऱ्या दिवशी दादा बाटली घेऊन रांगेत उभा राहिला, तेव्हा आत्याबाईंनी घाणा बंद केला. दुकान एकदम शांत झालं.

"ऐका सगळे," त्या म्हणाल्या. "तेल चांगलं आहे, मी ते विकणारच. त्यात स्टेरॉल आहे, हेही खरं. पण औषधासारखा गुण यायला रोज बाटलीभर तेल प्यावं लागेल, आणि तेवढं पिणारा दुसऱ्याच कशाने तरी जाईल. माझ्या तेलाने गोळी सुटत नाही. मी अर्धवट ऐकून बोलले."

एकाने भरलेली बाटली गल्ल्यावर परत ठेवली आणि तो निघून गेला. आत्याबाईंनी त्याला अडवलं नाही. त्यांची नजर दादावर होती.

दादा कानापर्यंत लाल झाला होता. "अगं, एवढ्या लोकांत कशाला? मला एकट्याला सांगायचं."

"सांगितलं होतं, दादा. घरात."

वहिनीने सकाळी खिशात कोंबलेली गोळ्यांची पट्टी दादाने बाहेर काढली आणि आत्याबाईंकडे पाणी मागितलं.