बोट दाखवून सांगायची गोठ

आमच्या घरी पोथी बापाची होती अन् कायनी मायची.

श्रावणात बाप पाय धुऊन, टोपी घालून लाल फडक्यातली पोथी सोडायचा. मी बाजूला बसायचो. मांडी मोडली की पाठीत धपाटा. पोथीत रावणाला दहा तोंडं असायची, समुद्रावर दगड तरंगायचे, पण हे कसं झालं असं विचारायची कोणाची छाती नव्हती. हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा, घरी जायचं. मायची कायनी तिन्हीसांजेला, तुरीच्या शेंगा सोलता सोलता. तिच्यात कोल्हा माणसासारखा बोलायचा अन् राजाची लेक ज्वारीच्या कणसात लपून बसायची. खरं आहे का म्हटलं की माय हसायची. "कायनी हाये रे बावा, शेंगा सोल." राजाचं गाव कोणतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्याला गावच नव्हतं.

तिसरी एक जात असते. शिकलेले लोक तिला दंतकथा म्हणतात, आम्ही नुसतं गोठ म्हणतो. तिच्यासाठी कोणी पाय धूत नाही अन् शेंगाही सोलत बसत नाही. ती उभ्या उभ्या सांगतात, आवाज खाली आणून, अन् सांगताना बोट दाखवतात. ते झाड. ती विहीर. त्या घरची बाई. आमच्या राळेगावकडंच एक गाव आहे. तिथं सीतामायनं आपल्या लेकरांसाठी गहू मागितला अन् गावानं नाही म्हटलं, म्हणून तिथं गहू पिकत नव्हता म्हणतात. आता सीता पोथीतली, पण तो गहू पोथीत नाही. त्या गावचा माणूस तुम्हाला वावर दाखवतो, यातच नव्हता पिकत म्हणून. पोथी ऐकून मी कधी भ्यालो नाही. गोठीचं मात्र भ्या वाटतं, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत जन्मली आहे, माझ्याच वावरात.

कापसाची ती वर्षं कशी होती, ते पुष्कळांनी लिहिलं. मी फक्त धुऱ्यावरचं, बांधावरचं सांगतो.

माझं वावर डांबरी रस्त्याला लागून आहे. धुऱ्यावर कडूलिंबाचं झाड, त्याच्या बुडाशी पाच दगड. कापसाची पहिली वेचणी असली की घरची बाई त्या दगडांना हळदकुंकू लावायची, दहीभात ठेवायची, थोडा पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर शिंपडायची, अन् मग वेचणाऱ्या बाया एकेका ओळीला, तासाला लागायच्या. याला सीतादही म्हणतात. माझ्या बायकोनं हे जन्मभर केलं. मी सांगतो त्या सालच्या उन्हाळ्यात ती गेली.

वेचायला यायच्या त्या बाया बौद्ध वस्तीतल्या. त्या दगडाला हात जोडत नसत, पण आमचं होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसून राहत. त्यांची पुढारी एक उंच, काळी, फटकळ बाई होती. माझ्या बायकोशी तिचं बरं जमायचं. त्या साली पहिल्या वेचणीच्या दिवशी ती बसली, थांबली, अन् मग उठून आली.

"पाटील, तुमचं ते दहीभाताचं होऊन जाऊ द्या, मंग आमी लागतो."

"करनारी गेली," मी म्हटलं.

"सुनेले बलवा न मंग."

"सून नागपूरले हाये. तिले वावर कोन्या बाजूले हाये हे बी मालूम नाई."

बाया हसल्या. ती हसली नाही. "आमचं काई नाई, आमी दगड मानत नाई. पन तुमचे लोक मानतात. मांगून बोल लावसान."

"मी म्हनून राह्यलो न, लागा."

तिनं पदराची ओटी बांधली अन् लिंबाजवळच्या झाडाचं पहिलं बोंड तिनंच वेचलं. धुऱ्यापलीकडं माझा शेजारी फवारणीचा पंप भरत होता. नात्यानं पुतण्या लागायचा, अंगानं बैलासारखा माणूस, मस्करीशिवाय त्याला बोलता येत नसे. तो तिकडून ओरडला, "काका, काकू गेली त सीतामायले बी उपाशी ठेवता का?"

"तू आपला पंप पाय," मी म्हटलं. सगळे पुन्हा हसले.

पुढं पुतण्याच्या या एका वाक्याचं काय झालं ते पाहा.

त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंपाची नळी वर धरून फवारावं लागे, अन् वारा समोरचा असला की औषध आपल्याच तोंडावर येई. वावरात बगळे उतरणं बंद झालं होतं. तासात कुठं कुठं चिमण्या पडलेल्या दिसायच्या, पाय वर करून. सकाळी रस्त्यानं माणसं लाल डोळ्यांनी जायची अन् कोणी कोणाला काही विचारत नसे. आजूबाजूच्या गावांतून माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या यायच्या. पहिल्या पहिल्यानं आम्ही गावाचं नाव विचारायचो. मग तेही सोडलं.

दोन-चार दिवसांनी पुतण्या भर दुपारी फवारा मारत होता. अंगात बनियन, तोंडाला दुपट्टा. मारून झाल्यावर तो लिंबाखाली आला, अन् तसल्याच हातांनी त्यानं भाकर सोडली. मी इकडून बैलांना पाणी दाखवत होतो. त्याची हाक ऐकू आली. "काका, तुमी कुठी हा? दिसून नाई राह्यले." मी त्याच्यापासून हाकेच्या आत होतो. गेलो तर तोंडाला फेस. पाच दगडांत तो आडवा पडला होता अन् भाकरीचा तुकडा मुठीत. जीप केली, यवतमाळला नेला. त्याच जीपमध्ये परत आणला.

औषधानं गेला. हे पहिल्या दिवशी सगळे म्हणत होते. तिसऱ्या दिवशी मी पारावर गेलो, तेव्हा बोलणं जरा सरकलं होतं. "त्यानं सोताच म्हटलं होतं म्हने, सीतामाय उपाशी हाये म्हून." तेरवी झाली तोवर त्यानं तसं म्हटलं नव्हतंच, त्याला ते दिसलं होतं. लिंबाखाली एक बाई बसलेली दिसली, तिनं भाकर मागितली, अन् मग त्याची नजर गेली. अन् पहिलं बोंड कोणी तोडलं होतं? तिथं बोट आलं. ते वस्तीकडं वळलं.

लोक मूर्ख होते असं कोणी समजू नये. मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. औषधानं गेला म्हटलं, तर तसलाच पंप प्रत्येकाच्या ओसरीत टांगलेला होता अन् दुसऱ्या दिवशी तोच पाठीवर घेऊन जायचं होतं. प्रत्येकाच्या घरात एक मरण टांगलेलं, त्याच्याखाली बसून जेवायचं, झोपायचं. त्यापेक्षा एक बाई बरी. तिला टाळलं की झालं. पोथी माणसाला नमवते, कायनी झोपवते, पण गोठ माणसाला पंप उचलायला लावते. म्हणून ती लोक सोडत नाहीत.

मी पारावर उभा राहून सांगितलं, "तिनं इचारलं होतं. लागा मीच म्हटलं. बोलाचं असन त मले बोला."

"हो काका, तुमी म्हटलंच असान," माझ्याच वयाचा एकजण समजुतीनं म्हणाला. "पन हात त तिचाच लागला न."

"अन् फवारा मारून हात न धुता जेवला, ते?"

"आपन सारेच जेवतो तसे. आपन मेलो का?"

मी पारावरून उतरलो.

त्या हंगामात तिच्या टोळीला कोणी वेचायला बोलावलं नाही. कापूस झाडावर लोंबून पिवळा पडला तरी बाहेरगावच्या बाया आणल्या, पण हिला नाही. मग टोळीतल्या बायाही एकेक करून दुसरीकडं जाऊ लागल्या. त्या दगड मानत नव्हत्या, पण पोट सगळे मानतात. ती रस्त्यानं निघाली की बाया लेकरांना पदराखाली घ्यायच्या. कोणी तिच्या छपराच्या कवेलूंवर गोटे मारले. एक दिवस ती माझ्या अंगणात आली अन् खाली न बसता बोलली.

"पाटील, लेक पुसदले हाये. तो म्हन्ते, चाल इकडं. मले हे सांगा, मी गाव सोडू का? म्या सोडलं त लोक म्हनतीन, होतीच ते तशी, म्हून पयाली."

"सोडाचं नाई," मी म्हटलं.

"तुमचं काय जाते म्हनाले? गोटे माह्या घरावर येतात."

खरं होतं तिचं. मी त्या दिवशी जेवलो नाही. बोलून गोठ हटत नाही, हे मला पारावर कळलंच होतं. गोठीला बोट दाखवायला माणूस लागतो. मग मी मनाशी म्हटलं, या बाईऐवजी दुसरा माणूस देऊ.

पुढच्या साली बोंडं फुटली तेव्हा मी आठवडाभर आधीपासून गावात सांगत फिरलो. बुधवारी सकाळी मी पहिली वेचणी करणार, एकटा, दहीभात ठेवणार नाही. लेकानं नागपूरवरून फोन केला. "बाबा, कायले पंगा घेता?" मी म्हटलं, "तुह्या मायनं जन्मभर जेवू घातलं तिले. एखाद्या साली उपाशी राह्यली त मरत नाई."

रस्त्यावर माणसं जमली होती. बायाही होत्या. मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. लिंबाजवळचं पहिलं बोंड तोडलं, उचलून सगळ्यांना दाखवलं, ओटीत टाकलं. ओटी भरली तसा त्या पाचांतल्याच एका दगडावर बसून भाकर खाल्ली. कोणी हसलं नाही. वारा नव्हता, तरी लिंबाची पानं माझ्या अंगावर गळत होती. ऑक्टोबरात लिंबाची पानं एवढी गळत नाहीत. मी वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर रस्त्यावरच्यांनी ते पाहिलं असतं.

मग गाव माझ्या मरणाची वाट पाहू लागलं.

हे मी रागानं म्हणत नाही. मलाही तेच पाहायचं होतं. आठ-पंधरा दिवसांत मला ताप भरला. हिवताप असेल, त्या दिवसांत घरोघरी होता. पण जे कधी माझ्या उंबऱ्यावर चढले नाहीत, तेही भेटायला आले. बाजेशेजारी बसायचे, तोंडाकडं टक लावून पाहायचे, अन् जाताना हळूच विचारायचे, "काका, दिसते न तुमाले बराबर?" रोज कोणीतरी विचारायचं. शेवटी मीच डोळे झाकून उघडून पाहू लागलो. एका सांजेला भिंतीजवळ कोणी बसलं आहे असं वाटलं. मी कड फेरली नाही, तसाच पाहत राहिलो. टांगलेलं घोंगडं होतं.

वेचणाऱ्या बायांची ती पुढारीही आली. दारातच उभी राहिली.

"पाटील, मरू नका बाप्पा. तुमी मेले त पुन्हा माह्यावरच येईन."

त्या तापात मी पहिल्यांदा हसलो. मला वाटतं, मी त्या बोलण्यावरच उठलो.

उठलो, पण गोठ मेली नाही. मरेल असं मला वाटलं होतं, तेवढा माझा हिशेब चुकला. लोक म्हणाले, सीतामायनं त्याला धरलंच होतं, बायकोच्या पुण्याईनं सोडलं. मग म्हणाले, सोडलं कुठं, अर्धा तिनं ठेवून घेतला. माझा चेहरा तापानं उतरला होता, केस एकदम पांढरे झाले होते. लेकरं मला पाहून रस्ता ओलांडू लागली. अन् त्याच हंगामात, संक्रांतीच्या आसपास, एका शेतकऱ्याचा कापूस झाडावर राहून चालला तेव्हा त्यानं तिच्या टोळीला बोलावलं. दुसऱ्यानंही बोलावलं. ती पुसदला गेली नाही.

आता अलीकडचं सांगतो अन् थांबतो.

यवतमाळवरून एसटीनं येत होतो. बाजूला मुकुटबनकडचा एक माणूस होता, राळेगावला लेकीकडं चाललेला. बोलका होता. माझं वावर जवळ आलं तसा तो खिडकीकडं झुकला, आवाज खाली आणला अन् बोट दाखवलं.

"ते लिंबाचं झाड दिसते का, बाबा? तिथी येका बुढ्यानं सीतादही न करता बोंड तोडलं होतं. लय अडेल होता म्हने. जाग्यावर मेला. अजून सकायच्या पाह्यरी पांढऱ्या धोतरात वेचत असते. माह्या जावयानं पाह्यला."

माझ्या जिभेवर आलं होतं. मी तेवढं गिळलं अन् विचारलं, "बाई कोनी नोती का त्या गोठीत? वेचनारी?"

"बाई?" तो आठवू लागला. "नाई बा. बाई कोनीच नाई. बुढाच होता."

"पक्कं?"

"पक्कं. बुढाच."

मी कंडक्टरला घंटी मारायला सांगितली. गाडी लिंबासमोर थांबली, मी धोतर सावरत उतरलो. मागं वळून पाहिलं नाही. पण गाडी निघाली तेव्हा खिडकीतलं त्याचं बोलणं बंद झालं होतं, एवढं कानाला कळलं.

लिंबाखाली गेलो. त्याही साली मी सीतादही केलं नव्हतं, कोणाला करूही दिलं नव्हतं. तरी दगडांवर दहीभात होता, ओला, अजून माश्या बसायच्या होत्या. रस्त्यानं जाणारं कोणी ठेवून गेलं असेल. दगड पाच होते. आता सहा झाले होते. सहावा नवा, नदीतला गुळगुळीत, अन् त्याला हळदकुंकू नव्हतं. त्याच्याभोवती पांढऱ्या धोतराची एक चिंधी गुंडाळली होती.

पलीकडच्या तासात तिची टोळी वेचत होती. तिचा फटकळ आवाज येत होता, कोणाला तरी रागवत होती, कापसात काडी-पत्ती राहू देऊ नको म्हणून.

मी तो दगड उचलायला वाकलो होतो. मग राहू दिला.