फिलूची बोली

कुडाळच्या स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा जाकीचा फोन आला. "फिलू गेली गो," म्हणाला. "गाडी गावली की ये. आता घाई कित्याक?" मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर माझी फिलू त्याआधीच गेली होती, गेल्या वर्षीच्या एका रविवारी, भरदुपारी, माझ्या समोर बसून.

फिलोमिना आणि मी मालवणच्या एकाच शाळेत शिकवत होतो. ती भूमिती, मी मराठी. तिचे वडील बोटीवर कामाला होते, त्यांच्याकडून तिने ब्रिज हा पत्त्यांचा खेळ उचलला आणि भिडू हवा म्हणून मला शिकवला. तिचा धाकटा भाऊ जाकी आणि औषधाच्या दुकानाचे तात्या हे आमच्याविरुद्ध. दर रविवारी, चर्चमधली मिस आटपून, जेवून, धुरीवाड्यातल्या तिच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही चौघं बसायचो. तिने लग्न का केलं नाही ते कधी सांगितलं नाही, पण हातात कुठली पानं आहेत ते मला चार शब्दांत सांगायची. ब्रिजमध्ये तेच तर करायचं असतं. समोरच्या भिडूला पानं दाखवता येत नाहीत, फक्त बोली लावता येते. हुकूम कुठला आणि हात किती करणार, एवढ्या बोलण्यातून एकमेकींचं ओळखायचं. बोली आमची ठरली की मी डमी, म्हणजे न खेळणारा भिडू, होऊन माझी पानं उघडी मांडायची, आणि ती स्वतःची पानं पालथी ठेवून नुसती बघत बसायची. जाकी वैतागायचा, "खेळ गो, रात करतलंस?" ती म्हणायची, "पयला पान टाकूच्या आधी आख्खो डाव डोक्यात खेळान जावक व्हयो."

मग तिला झटका आला. गोव्याच्या हॉस्पिटलातून परतली तेव्हा उजवा हात जरा मंद झाला होता, पण चालत होती, हसत होती. फक्त शब्द चुकायचे. चहाला मीठ म्हणायची. मनात बरोबर असायचं, जिभेवर भलतंच यायचं, आणि भलतं आलंय हे तिला कळायचं... डॉक्टर म्हणाले होते, आवडतं ते करू दे, सुधारेल. आम्ही ते धरून बसलो.

त्या रविवारी पानं तिनेच वाटली. "एक बदाम," ती म्हणाली. म्हणजे तिच्याकडे बदामाची निदान पाच पानं. माझ्याकडे चार होती. तात्या पास, मी लगेच चार बदाम बोलले, जाकी पास. तिचा चेहरा उतरला. "चार..." ती म्हणाली, "चार... बदाम." जाकी हळूच म्हणाला, "बदाम तर झालेच गो. फुडे?" तिने डोळे मिटले, ओठ हलवले, पुन्हा "बदाम"च आलं. तात्यांना राहवलं नाही. "टीचर, पान दाखवा. घरातलोच खेळ आसा." तिने जोरात मान हलवली. बोली चालू असताना पान दाखवणं ही चोरी, असं तिनेच आम्हाला शिकवलं होतं. "पास," ती म्हणाली. तो शब्द मात्र नेमका आला.

मी पानं मांडली. तिने आपली पालथी ठेवली आणि विचार करू लागली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. खेळायला लागली तेव्हा आम्हाला कळलं, तिच्याकडे बदामाची दोनच पानं होती. सहा पानं होती ती इस्पिकची. तिने एक्का टाकला, राजा टाकला, मग राणी. तात्यांकडचं इस्पिक संपलं होतं. ते हुकूम मारू शकत होते. पण त्यांनी मुद्दाम चौकटची दुरी टाकली. फिलूने ती उचलून त्यांच्यासमोर परत ठेवली. बाहेर बदामाची किती पानं आहेत हे तिने मोजलं होतं, तात्यांकडे हुकूम आहे हे तिला ठाऊक होतं. "मार," ती म्हणाली. स्वच्छ, शाळेतल्या आवाजात. तात्यांनी दुरी परत हातात घेतली. त्यांनी हुकूम मारला.

डाव बुडाला. तिने पानं गोळा केली, गठ्ठा नीट करून माझ्या हातात दिला, आणि त्यानंतर ती खेळायला बसली नाही. मुंबईच्या भाचीने बोलीच्या छापील पानांची पेटी पाठवली. तोंडाने काही बोलायलाच नको, नुसतं पान पुढे करायचं. फिलूने त्यातून 'एक इस्पिक' बरोबर शोधून काढलं, मला दाखवलं आणि पेटी मिटली. पावसाळ्यात दुसरा झटका आला. मग राणी आणि गुलाम यांतला फरकही गेला. मी जाऊन तिला जुने डाव सांगायचे. ती माझ्याकडे बघायची, एखाद्या पाहुणीकडे बघावं तशी.

तिला जाऊन आता महिना उलटला. रविवारी आम्ही तिघं जमतो. चौथ्यासाठी तात्यांनी गावात बरंच विचारलं, पण ब्रिज कुणाला येत नाही, शिकायला वेळ नाही. तिच्या-माझ्या 'दोन किलवर'चा नेमका अर्थ काय, हे आता मला एकटीलाच ठाऊक आहे. म्हणून रमी खेळतो. रमीला भिडू लागत नाही. चौथी बाजू रिकामी बरी दिसत नाही, म्हणून जाकीने टेबल सरकवून भिंतीला लावलंय. मी माझ्या जुन्याच बाजूला बसते. पानं उचलते, रंगवार लावते, आणि मान वर करते... भिंत.

"टाक गो," जाकी म्हणतो.

मी टाकते.