बर्फ बाहेर, आम्ही आत

अकोल्यात मे महिन्याच्या भर दुपारी थंडीनं कुडकुडणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, त्याच्या शर्टात मीच होतो.

तिथल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून मी रोज अमरावतीहून रेल्वेनं जातो. त्या रविवारी दर्यापूरकडची एक संशोधक मुलगी तिच्या पीएचडीचा शेवटचा प्रयोग लावत होती. खाली चौकीदार आणि वर आम्ही दोघं, बाकी इमारत रिकामी.

विषाणू शिरला की पेशी शेजारणींना हाक मारते. ती हाक म्हणजे इंटरफेरॉन, आणि शेजारणीच्या अंगावरचा हाक ऐकणारा कान म्हणजे रिसेप्टर. पोरीनं स्वतः तयार केलेलं इंटरफेरॉन त्या कानाला चिकटतं का, एवढंच पाहायचं होतं. कान माणसाचा, पण कोणाचा कापून आणलेला नव्हे. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून कारखान्यात केलेला. बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत दिसेल न दिसेल अशी पूड. तिनं ती विरघळवली आणि बाटली बर्फाच्या डब्यात खोचून टेबलावर ठेवली. अशी बाटली एकच होती, आणि तिची फेलोशिप दोन महिन्यांत संपत होती.

बफरचा, म्हणजे प्रयोगाला लागणाऱ्या द्रावणाचा, जड कॅन काढायला आम्ही कोल्ड रूममध्ये शिरलो. दाराचा आतला खटका तुटलेला, म्हणून फटीत वीट ठेवायचा रिवाज. पण उन्हाळ्यात उघड्या दारातून गारवा जाताना मला पाहवत नाही. घरी कूलरच्या खोलीचं दार कोणी उघडं टाकलं तर मी अंगावर धावतो. पायानं वीट सरकवली आणि ऐटीत दार लोटलं.

ती वळली. "काका, वीट?"

"गारवा वाया जाऊन राहिला होता."

"मोबाइल?"

"टेबलावर. तुझा?"

"टेबलावरच." मग तिचा चेहरा उतरला. "आन् बाटली बी."

म्हणजे जिला थंडी हवी ती पंचेचाळीस अंशांत, आणि आम्ही चारमध्ये. मी दारावर गुद्दे मारले, खड्या आवाजात भाषण ठोकलं. दार जाड, वर यंत्राची घरघर. प्रेक्षक एकच, आणि तीही रागावलेली.

"बर्फ किती टिकते?" मी विचारलं.

"अर्धा तास. तुमी बोलणं बंद केलं तरी तेवढाच."

मग तिला छतापाशी लोंबणारी तापमानाची तार दिसली. खोली तापली की खाली चौकीदाराच्या टेबलावर भोंगा वाजतो. तिनं तार माझ्या हातात दिली. "काखेत धरा."

धरली. थंड धातू काखेत गेल्यावर मी जो सूर लावला तो नाट्यगृहात वाया गेला नसता. भोंगा वाजला, अगदी बारीक ऐकू आला, आणि बंद पडला. लाइट गेली की तो रोजच वाजतो; चौकीदारानं बटण दाबून टाकलं असणार.

"पुन्हा," ती दात वाजवत म्हणाली. "थोडं धरा, सोडा, परत धरा. लाइट असतानी वाजून राहिला म्हटल्यावर येईन तो."

माझी काख बधिर होईपर्यंत आम्ही ते केलं. चौथ्यांदा दार उघडलं. चौकीदार म्हणाला, "साहेब, तुमी अंदर काहून बसले?"

ती त्याला ओलांडून पळाली. डब्यात नुसतं पाणी, त्यावर बाटली तरंगत होती. तिनं पाण्यात बोट घालून पाहिलं. आधी वही उघडली.

मी हळूच म्हणालो, "हे लिहू नको. कोणाले समजते?"

"मले समजते ना." आणि लिहिलं: सुमारे चाळीस मिनिटं, बर्फ वितळलेला.

मग तिनं प्रयोग लावला. अमरावतीची माझी गाडी निघून गेली, मी जाऊ दिली. संध्याकाळी तबकडीच्या खळग्यांत, इंटरफेरॉन कानाला चिकटलं की येतो तो निळा रंग चढला, गडद ते फिका, हवा तसा.

"आलं ना," मी म्हणालो.

"आलं. पण बाटली तापली होती. या निळ्यावर मी सही करू शकत नाही." तिनं नव्या बाटलीचा अर्ज काढला, आणि कारणाचा रकाना माझ्यापुढे सरकवला.

मी अर्धं पान रंगवलं. तिनं वाचलं, एक ओळ ठेवली, बाकी सगळं खोडलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"दार तुमी लावलं एवढं पुरते, काका. करा सही."